घरी व्हॉल्व्ह ॲम्प बनवताय? इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असे निवडा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत मी पहिला व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) जोडला तेव्हा सर्किट बरोबर होतं, ट्रान्सफॉर्मर बरोबर होता, व्हॉल्व्हही चांगले होते. चुकला होता तो एक कंडेन्सर. बटण दाबल्यावर थोड्याच वेळात त्याच्या डोक्यावरची खाच फाटली आणि खोलीभर उग्र वासाची वाफ पसरली. व्हॉल्व्ह तोवर नीट लालही झाले नव्हते. तो का गेला हे कळायला मला दोन महिने लागले, कारण ज्याला विचारावं तो म्हणे, "अहो, मोठा टाका की." मोठा म्हणजे नेमका कशात मोठा, हे कुणी सांगेना. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

उदाहरणासाठी एका चॅनलचा साधा ॲम्प धरू. पुढे संकेत वाढवणारा ईसीसी८३, मागे स्पीकर चालवणारा एक ईएल८४, रेक्टिफायरला (एसीचा डीसी करायला) ईझेड८१ व्हॉल्व्ह किंवा डायोड, आणि २५०-०-२५० व्होल्ट, १०० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर. हे व्हॉल्व्ह जुन्या रेडिओंमधून निघतात आणि सांगली-मिरजेतल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांकडे चौकशी केली तर अजूनही हाती लागतात. तुमचं सर्किट वेगळं असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

हात लावण्याआधी

या ॲम्पमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. ४७ एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे) तीन कंडेन्सर ४०० व्होल्टला भरले की त्यांत ११ ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते. छातीतून गेली तर जीव घ्यायला ती पुरेशी आहे. चालू ॲम्पवर मोजताना एक हात पाठीमागे ठेवा, पायात रबरी चप्पल असू द्या, आणि घरात दुसरं कुणी तरी असेल तेव्हाच काम करा. हे मी स्वतः आजही पाळतो.

जवळ काय काय हवं:

- किमान ६०० व्होल्ट डीसी मोजणारा मल्टिमीटर, धड वायरींचा. तारा चिरलेल्या असतील तर आधी नव्या घ्या.
- कपॅसिटी मोजणारा मीटर किंवा छोटा कंपोनंट टेस्टर.
- सिरीज बोर्ड, म्हणजे ॲम्पच्या लायनीत सिरीजमध्ये बल्ब येणारा बोर्ड, ६० किंवा १०० वॅटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बसकट. एलईडी बल्ब इथे चालत नाही.
- कंडेन्सर रिकामा करायला १ ते २ किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिप लावलेला.
- तुमच्या सर्किटचा कागद, आणि रेक्टिफायर व्हॉल्व्हची डेटाशीट. हा दुसरा कागद बहुतेक जण बघतच नाहीत.

दुकानात 'मायक्रोफॅरड' म्हणालात तर काउंटरवरचा माणूस क्षणभर थांबेल. 'सत्तेचाळीस एमएफडी, साडेचारशे व्होल्ट' म्हणा, लगेच कळतं. मीही इथे एमएफडीच लिहितोय.

१. कंडेन्सर कुठल्या जागेवर बसणार ते आधी ठरवा

ॲम्पमध्ये इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तीन प्रकारच्या जागांवर येतो. पहिली जागा रेक्टिफायरच्या लगेच पुढची. सगळ्यात जास्त मार इथे बसतो. दुसरी जागा फिल्टरच्या पुढच्या टप्प्यांची, म्हणजे चोक (लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) किंवा रेझिस्टरनंतरची. तिसरी व्हॉल्व्हच्या कॅथोडची (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाची), जिथे व्होल्टेज अगदी कमी असतं. कागदावर प्रत्येक जागेला क्रमांक द्या आणि समोर व्होल्टेज, एमएफडी, तापमान असे तीन रकाने आखा. पुढच्या पायऱ्यांत हेच रकाने भरायचे आहेत.

ईसीसी८३ च्या प्लेटपासून (संकेत बाहेर पडतो त्या टोकापासून) ईएल८४ च्या ग्रिडकडे (संकेत आत शिरतो त्या टोकाकडे) जाणारा ०.१ एमएफडीचा कपलिंग कंडेन्सर या यादीत येत नाही. तो पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घ्यायचा, ६३० व्होल्टचा. इलेक्ट्रोलिटिकमधून थोडा करंट नेहमीच झिरपतो. तो ग्रिडवर पोचला की बायस (ग्रिडचं ठरलेलं व्होल्टेज) बिघडतो आणि ईएल८४ ची प्लेट लाल व्हायला लागते.

२. व्होल्टेज धरायचं ते थंड ॲम्पचं

माझा कंडेन्सर इथेच गेला होता, म्हणून ही पायरी जरा सावकाश वाचा.

चालू, तापलेल्या ॲम्पमध्ये पहिल्या कंडेन्सरवर साधारण २७० ते २९० व्होल्ट दिसतात. ते बघून मी ४०० व्होल्टचा कंडेन्सर लावला होता आणि वर शंभर व्होल्ट शिल्लक ठेवले म्हणून निश्चिंत होतो. पण व्हॉल्व्ह थंड असताना ते करंट ओढत नाहीत. ट्रान्सफॉर्मरवर भार नसतो आणि कंडेन्सर एसीच्या शिखरापर्यंत चढतो.

हिशोब करून बघू. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले २५० व्होल्ट भार असतानाचे. बिनभाराचे ते ८ टक्क्यांनी वाढले तर २७०. हे झालं घरात बरोबर २३० व्होल्ट येत असतील तर. माझ्याकडे रात्री अकरानंतर मीटर २५० दाखवायचा. आसपासचा भार उतरला की व्होल्टेज चढतं, हे गावाकडच्या लायनीवर राहणाऱ्यांना सांगायला नको. २५० भागिले २३० म्हणजे १.०८७. त्याने गुणल्यावर २७० चे २९३ झाले. शिखर म्हणजे त्याच्या १.४१४ पट, म्हणजे ४१५ व्होल्ट. ४०० व्होल्टचा कंडेन्सर रोज रात्री या आकड्याला सामोरा जाणार होता.

म्हणून पहिल्या जागेवर किमान ४५० व्होल्ट, आणि मिळाला तर ५०० व्होल्टचा घ्या. तुमच्या घरचं व्होल्टेज आधी तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी मोजा. सकाळी, भर दुपारी, आणि सगळी आळी झोपल्यावर. सगळ्यात मोठा आकडा हिशोबात घ्या.

डायोडचा रेक्टिफायर असेल तर हे ४१५ व्होल्ट प्रत्येक वेळी बटण दाबल्या क्षणी येतात. ईझेड८१ स्वतः हळूहळू तापतो, त्यामुळे तिथे धक्का सौम्य असतो. पण ईएल८४ काढून फक्त सप्लाय तपासायला बसलात, किंवा चालू ॲम्पमध्ये तो व्हॉल्व्ह मेला, की व्होल्टेज पुन्हा पूर्ण चढतं. म्हणून रेक्टिफायर कुठलाही असो, हिशोब हाच.

नवशिक्यांना हमखास फसवणाऱ्या दोन गोष्टी इथे आहेत. एक, ४०० व्होल्टचे कंडेन्सर बाजारात सगळीकडे आणि स्वस्त मिळतात, कारण मोबाईल चार्जर, एलईडी ड्रायव्हर, टीव्हीचे सप्लाय यांत तेच लागतात. २३० व्होल्टचं शिखर ३२५, तिथे ४०० पुरतात. आपल्याला पुरत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त लपलेली आहे. ईसीसी८३ कडे जाणाऱ्या शेवटच्या कंडेन्सरवर चालू ॲम्पमध्ये २३०-२४० व्होल्ट दिसतात, म्हणून तिथे २५० किंवा ३५० चा लावावासा वाटतो. पण मधल्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडतं ते करंट वाहतो तेव्हाच. थंड ॲम्पमध्ये करंट नाही, म्हणून शेवटच्या कंडेन्सरलाही तेच ४१५ भेटतात. फिल्टरच्या ओळीतले सगळे कंडेन्सर एकाच व्होल्टेजचे घ्या.

४५० चा मिळालाच नाही तर १०० एमएफडी, ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर सिरीजमध्ये जोडता येतात. एकूण ५० एमएफडी, ७०० व्होल्ट होतात. मात्र प्रत्येकावर २२० किलो-ओहम, २ वॅटचा रेझिस्टर आडवा, म्हणजे त्याच्या दोन टोकांमध्ये, टाकाच. नाहीतर झिरपणं सारखं नसल्यामुळे एकावर जास्त व्होल्टेज बसतं. वरच्या कंडेन्सरचा बाहेरचा डबा अशा वेळी दोनशे व्होल्टवर असतो, त्याला चॅसिसचा स्पर्श होऊ देऊ नका.

३. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या कंडेन्सरला कमाल मर्यादा आहे

'मोठा टाका' हा सल्ला सगळ्यात महागात पडतो तो इथे. प्रत्येक रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या डेटाशीटमध्ये पहिल्या कंडेन्सरची कमाल किंमत दिलेली असते. ईझेड८० आणि ईझेड८१ साठी ५० एमएफडी, जीझेड३४ साठी ६० एमएफडी. कंडेन्सर जितका मोठा, तितका तो एसीच्या शिखरावर थोडाच वेळ पण जोरात करंट ओढतो. त्या झटक्यांनी व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा थर झिजतो, आणि कधी आत ठिणगी पडून व्हॉल्व्ह कायमचा जातो. कंडेन्सर रोज नवा मिळेल, चांगला ईझेड८१ शोधायला मात्र महिने जातात. आपल्या ॲम्पला पहिल्या जागी ४७ एमएफडी योग्य.

कंडेन्सरवर लिहिलेल्या किमतीत २० टक्के इकडेतिकडे असतं. ४७ चा खरा ३८ ते ५६ कितीही निघू शकतो. म्हणून व्हॉल्व्ह रेक्टिफायरपुढे लावायचा कंडेन्सर आधी मोजा आणि ५० च्या वर भरला तर तो दुसऱ्या जागी वापरा. बाकीच्या जागांवर ४०, ४७, ५० यांत काही फरक पडत नाही.

४. हमिंग घालवायचं असेल तर एकाऐवजी टप्प्यांत फिल्टर करा

आमच्याकडे शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांची कमी नाही. पलीकडे मिरज, सतारमेकर गल्लीतले तंबोरे देशभर जातात. अशा घरात तुमचा ॲम्प वाजणार असेल तर हमिंगची परीक्षा फार कडक होते. आपल्याकडचा फुल-वेव्ह रेक्टिफायर १०० हर्ट्झचं हमिंग देतो. पांढरी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम ९८ हर्ट्झला येतो. दोघांतला फरक दोन हर्ट्झचा. पंचमाची तार छेडली की सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो, जणू तंबोरा बेसूर लागलाय. नुसत्या सिनेगीतांत हे लपून जातं. तंबोऱ्यात लपत नाही.

आता आकडे. एकूण करंट ६० मिलिअँपच्या आत धरला, तर ४७ एमएफडीवर राहणारी लहर (डीसीवर उरलेला चढउतार, म्हणजे रिपल) साधारण १० ते १३ व्होल्ट. तेवढ्यावर थांबलात तर स्पीकर भुणभुणत राहील. पुढे २२० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आणि आणखी एक ४७ एमएफडी टाकला की १०० हर्ट्झला त्या कंडेन्सरचा अडथळा ३४ ओहम असल्याने लहर सहा-साडेसहा पटींनी घटते, दीड-दोन व्होल्टवर येते. रेझिस्टरच्या जागी १० हेन्रीचा चोक टाकला तर ती १८० पटींहून जास्त घटते. एवढा फरक मोठ्या कंडेन्सरने कधीच मिळत नाही. माझं मत विचाराल तर कंडेन्सरवर जास्त पैसे घालण्याआधी चोकसाठी पैसे बाजूला काढा. जुन्या रेडिओचा चोक मिळाला तरी चालेल, फक्त त्याच्यावर किती मिलिअँप लिहिलेत ते बघा.

त्यापुढे १५ किलो-ओहम आणि २२ ते ४७ एमएफडी, तिथून ईसीसी८३ ला सप्लाय. सगळ्यात नाजूक संकेत त्या व्हॉल्व्हमध्ये असतो, म्हणून सगळ्यात स्वच्छ व्होल्टेज त्याला.

५. कॅथोडचे छोटे कंडेन्सर

हे सोपे आहेत. ईएल८४ च्या कॅथोडला १३५ ओहमवर ७ व्होल्टच्या आसपास असतात, तिथे २२० एमएफडी, २५ किंवा ५० व्होल्टचा लावा. जुन्या सर्किटांत २५ किंवा ५० एमएफडी दाखवलेला असतो, कारण त्या रेडिओंच्या छोट्या स्पीकरना खालचे सूर द्यायचेच नव्हते. २५ एमएफडीला १२० हर्ट्झच्या खाली आवाज पडायला लागतो, २२० ला ती हद्द १४ हर्ट्झवर जाते. तबल्याचा डग्गा अंगात ऐकू यायला हवा असेल तर हा बदल कराच. ईसीसी८३ ला १.५ किलो-ओहमवर २२ एमएफडी, २५ व्होल्ट पुरे.

६. ८५ अंश की १०५ अंश

१०५ घ्या. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, आणि ॲम्पच्या पोटात ईएल८४ आणि रेक्टिफायर तापत असतात. कंडेन्सर ६५ अंशांपर्यंत सहज पोचतो. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांना ३२,००० तास काढतो, आणि ८५ अंशांना २००० तासवाला फक्त ८,०००. रोज तीन तास ऐकलंत तर एक जवळपास तीस वर्षं, दुसरा सात. किमतीतला फरक यापुढे क्षुल्लक आहे.

डेटाशीटमध्ये 'रिपल करंट' नावाचा आकडा दिसेल, म्हणजे लहरीचा किती करंट कंडेन्सर सोसतो तो. पहिल्या जागेवर आपल्याला सव्वाशे-दीडशे मिलिअँप लागतात, २५० किंवा जास्त असलेला निवडा. आणि कंडेन्सर व्हॉल्व्हच्या किंवा ५ वॅटच्या रेझिस्टरच्या अंगाला चिकटवून बसवू नका. किमान दोन बोटं अंतर ठेवा. डोक्यावरच्या खाचेवर मोकळी जागा हवी, आत दाब वाढला तर तिथूनच तो सुटतो.

७. कुठून घ्यायचे आणि नकली कसा ओळखायचा

इथल्या दुकानांत ४५० व्होल्टचे कंडेन्सर मिळतात, पण चांगल्या कंपनीचे मिळतीलच असं नाही. पुण्याला फेरी होणार असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोड. मोठ्या अधिकृत वितरकांकडून मागवले की कुरिअरचे पैसे पडतात, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवा. निचिकॉन, रुबिकॉन, निप्पॉन केमिकॉन, पॅनासोनिक या जपानी कंपन्या, आणि आपल्याकडची कण्णूरची केल्ट्रॉन, नाशिकची अल्कॉन ही नावं विश्वासाची. पण नाव छापणं सोपं असतं, म्हणून तपासून घ्या.

आकार बघा. खरा ४७ एमएफडी, ४५० व्होल्टचा कंडेन्सर साधारण १६ ते १८ मिलिमीटर जाडीचा आणि तीन सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो. त्याच्या निम्म्या आकारात १०० एमएफडी, ४५० व्होल्ट लिहिलेलं दिसलं तर हातही लावू नका. उलटा प्रकारही होतो. मोठ्या डब्याच्या आत छोटा कंडेन्सर कोंबलेला असतो. तो हाताला हलका लागतो आणि हलवला तर कधी आतून खडखडतो. मी एकदा एका दुकानातून घेतलेल्या चारपैकी दोन असे निघाले. तेव्हापासून चार लागत असतील तर पाच घेतो आणि घरी आल्यावर आधी मोजतो. मोजण्याआधी कंडेन्सर रिकामा करा, भरलेला लावला तर टेस्टर जळतो.

पाय कोणते हवेत तेही ठरवून जा. टॅगबोर्डवर (डाग द्यायच्या टोकांच्या पट्टीवर) जोडणार असाल तर दोन्ही टोकांना तारा असलेले, पीसीबीवर असेल तर एकाच बाजूला पाय असलेले. जाड खिळ्यांसारखे पाय असलेल्या प्रकाराच्या पायांत १० मिलिमीटर अंतर असतं, ते टॅगबोर्डवर नीट बसत नाहीत.

८. जुना माल: ट्रान्सफॉर्मर ठेवा, कंडेन्सर टाका

जुन्या रेडिओतला ॲल्युमिनियमचा उंच डबा दिसायला सुंदर असतो, त्याचा मोह होतो. चाळीस-पन्नास वर्षांत आतला द्रव सुकलेला असतो. डबा शोभेला ठेवा आणि नवे कंडेन्सर खालून जोडा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातली कितीतरी घरं पाण्यात होती, अशा घरांतले रेडिओ अजून भंगारात येतात. पाणी लागलेला कंडेन्सर तर मुळीच नको, आणि ट्रान्सफॉर्मरही आठवडाभर वाळवून इन्सुलेशन तपासल्याशिवाय लायनीवर लावू नका.

न वापरलेला, पण काही वर्षं दुकानात पडून असलेला कंडेन्सर मात्र जागा करता येतो. आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, तो हळूहळू पुन्हा तयार होतो. १०० किलो-ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून सप्लाय द्या आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघत राहा. सुरुवातीला ते जास्त असेल, मग उतरत जाईल. ५० व्होल्ट म्हणजे अर्धा मिलिअँप झिरपतोय. एक-दोन तासांत त्याच्या बरंच खाली आला तर वापरा. तिथेच अडकून राहिला किंवा डबा कोमट लागला तर टाकून द्या. डबा चाचपायचा तो सप्लाय काढून, कंडेन्सर रिकामा केल्यावर.

९. जोडणी आणि पहिलं बटण

उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो. कंडेन्सरवरचा पट्टा निगेटिव्ह दाखवतो, पीसीबीवर मात्र बहुधा पॉझिटिव्हची खूण छापलेली असते. घाईत इथेच गफलत होते. दोन्ही टोकांना तारा असलेल्यांत ज्या टोकाजवळ डब्यावर खोबण असते ते पॉझिटिव्ह.

पहिल्या कंडेन्सरचा निगेटिव्ह थेट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला (२५०-०-२५० मधल्या ० च्या तारेला) न्या आणि चॅसिसकडे जाणारी तार त्या कंडेन्सरच्या पुढून काढा. चार्जिंगचे झटके मग त्या छोट्या फेऱ्यातच राहतात. माझ्या दुसऱ्या ॲम्पचं हमिंग फक्त ही एक तार हलवून गेलं होतं, कंडेन्सर एकही बदलला नव्हता.

पहिल्या कंडेन्सरवर १०० किलो-ओहम, २ वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये कायमचे आडवे टाका. एकटा रेझिस्टर ४०० व्होल्ट सहन करेलच असं नाही, म्हणून दोन. बटण बंद केल्यावर दोन-अडीच मिनिटांत व्होल्टेज उतरतं. तरीही प्रत्येक वेळी मीटर लावून बघा. रेझिस्टरचा डाग सुटलेला असू शकतो.

मग ईएल८४ आणि ईसीसी८३ काढून ठेवा, प्लग सिरीज बोर्डात घाला आणि बटण दाबा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. झगझगीत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मंदावला तर बोर्ड काढून थेट लायनीवर द्या आणि पहिल्या कंडेन्सरवरचं व्होल्टेज मोजा. तुम्ही दुसऱ्या पायरीत काढलेला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा. ४५० च्या आत असेल तर बंद करा, रिकामा होऊ द्या, व्हॉल्व्ह बसवा आणि अर्धा तास चालवा. नंतर प्लग काढून, मीटरवर शून्य दिसल्यावरच, प्रत्येक कंडेन्सर हाताने चाचपा. व्हॉल्व्हच्या उष्णतेने कोमट असणं ठीक. बाकीचे गार आणि एकच गरम असेल तर तो काढा, त्या रात्री ॲम्प पुन्हा लावू नका.